जेटची वाट, पिस्टनची चाल

वाचकांचे प्रश्न

सिम्युलेटरवरील विमानोड्डाणाच्या सरावाविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. त्यांतील चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. कमर्शियल पायलट लायसन्सच्या लेखी परीक्षा झाल्या असून सध्या घरच्या संगणकावर सेसना १७२ हे एका पिस्टन इंजिनाचे छोटे विमान घेऊन इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचा, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवरून उडण्याचा, सराव करते. आमचे प्रशिक्षक सिम्युलेटरच्या तासाला मोठ्या विमानतळांचे आगमन मार्ग, म्हणजे आम्ही ज्यांना ‘स्टार’ म्हणतो ते, उडवायला लावतात. त्या चार्टवर २५० नॉट, २२० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असे वेग आणि तेरा-चौदा हजार फुटांच्या अटी असतात. माझे विमान जेमतेम १२० नॉटने जाते. परवा समोरून वारा होता, तेव्हा एक मार्ग संपवायला मला पाऊण तास लागला. जेटसाठी आखलेला मार्ग पिस्टन विमानाने उडवणे नियमात बसते का? आणि बसत असले, तरी त्यातून शिकायचे काय?

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे सोडवले पाहिजेत. आधी नियमाचे पाहू.

आगमन मार्गाच्या चार्टवर छापलेला वेग हा बहुतेक ठिकाणी कमाल वेग असतो. ‘२५० नॉट’ याचा अर्थ त्याहून अधिक वेगाने येऊ नका, एवढाच आहे. त्यामुळे ११० किंवा १२० नॉटने येणारे विमान ती अट मोडत नाही. उंचीचे मात्र तसे नाही. आकड्याच्या खाली रेघ असेल तर ती किमान उंची, वर रेघ असेल तर कमाल उंची, आणि वर-खाली दोन्हीकडे रेघ असेल तर नेमकी तीच उंची. या तीन रेघांकडे नीट पाहिले की मार्गाचा कोणता भाग आपल्याला झेपेल आणि कोणता नाही, हे जमिनीवरच कळते. सेसना १७२ एस या विमानाची सर्व्हिस सीलिंग १४,००० फूट आहे, म्हणजे त्या उंचीला चढण्याचा दर मिनिटाला शंभर फुटांवर आलेला असतो. केबिन प्रेशराइज्ड नसते, आणि दहा हजार फुटांच्या वर अर्ध्या तासाहून अधिक काळ राहायचे तर वैमानिकाला प्राणवायू लागतो. तेव्हा ‘किमान १३,०००’ अशी अट असलेला बिंदू कागदावर आपल्या सीलिंगच्या आत दिसला, तरी तो आपल्यासाठी नाही असेच धरावे.

अमेरिकेतील काही आगमन चार्टवर ‘फक्त टर्बोजेट’ अशी स्पष्ट टीप छापलेली असते आणि पंख्याच्या विमानांसाठी तेथे अनेकदा वेगळा मार्ग दिलेला असतो. अशी टीप असली की प्रश्न तेथेच मिटतो. अडचण अशी, की आपल्या विमानातील जी१०००ला, म्हणजे मार्ग आणि उपकरणे पडद्यावर दाखवणाऱ्या संगणकाला, ही टीप वाचता येत नाही. प्रोसिजरचे बटण दाबले, विमानतळ निवडला, की डेटाबेसमध्ये असलेले सगळे मार्ग तो समोर ठेवतो, आणि आपण सेसनात बसलो आहोत की एअरबसमध्ये, हे विचारत नाही. म्हणून पडद्यावरच्या यादीतून मार्ग निवडण्याआधी चार्टचे पान, त्यावरच्या बारीक अक्षरांतील टिपांसह, पूर्ण वाचलेच पाहिजे. ही सवय मी सर्वांत वरची मानतो.

आता उपयोगाकडे येऊ. आगमन मार्ग मैलांत आखलेला असतो आणि पिस्टन विमानाच्या वैमानिकाने तो मिनिटांत वाचायला शिकायचे असते. माझ्या मते या संपूर्ण सरावाचे सार एवढेच आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, मार्गाचा पहिला बिंदू धावपट्टीपासून ६० सागरी मैलांवर आहे. जमिनीवरचा वेग, म्हणजे वारा धरून जमिनीच्या तुलनेत विमान पुढे सरकते तो वेग, सरासरी २५० नॉट धरला तर जेट हे अंतर साधारण साडेचौदा मिनिटांत कापते. आपल्याला ११० नॉटने जवळजवळ तेहतीस मिनिटे लागतात. आता समोरून २५ नॉटचा वारा लावा. जेटचा वेळ सोळा मिनिटांवर जातो, म्हणजे त्याचे दीड मिनिट वाढले. आपला वेग ८५ नॉटवर येतो आणि वेळ बेचाळीस मिनिटांच्या पुढे जातो, म्हणजे आपली जवळजवळ दहा मिनिटे वाढली. वारा तोच आणि वाटही तीच, तरी फटका कितीतरी पट मोठा. आपला पाऊण तास कोठे गेला, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. त्या दिवशी आपण इंधनाचा हिशेबही वाऱ्यासह केला होता का, हे वही काढून एकदा पाहावे.

उतरण्याच्या गणितात मात्र पिस्टनवाल्यांनी घाबरण्यासारखे फारसे काही नाही, आणि बहुतेक विद्यार्थी नेमके तेथेच विनाकारण घाबरतात. समजा दोन बिंदूंमध्ये १५ सागरी मैल आहेत आणि त्यांत ५,००० फूट खाली यायचे आहे. हा उतार मैलाला ३३३ फूट एवढा होतो, आणि तो जेटलाही तेवढाच आहे, आपल्यालाही तेवढाच. पण २५० नॉटने जाणाऱ्याला तो साधण्यासाठी मिनिटाला सुमारे १,४०० फूट उतरावे लागते, तर १२० नॉटने जाणाऱ्याला मिनिटाला ६७० फूट पुरतात. उतार वाटेचा असतो आणि उतरण्याचा दर चालीचा असतो, हे एकदा मनात बसले की चार्टवरचे मोठे आकडे अंगावर येत नाहीत. तोंडी हिशेबासाठी दोन आडाखे पुरेत. जितके हजार फूट उतरायचे त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागावे, आणि जमिनीवरच्या वेगाची पाचपट केली की तीन अंशांच्या उतारासाठी मिनिटाला किती फूट उतरायचे ते मिळते. ९,००० फुटांवरून २,५०० फुटांवर यायचे असेल तर साडेसहा गुणिले तीन, म्हणजे साडेएकोणीस मैल. १२० नॉटला दर ६०० फूट. हे दोन्ही आडाखे थोडे ढोबळ असल्यामुळे मी विद्यार्थ्यांना आणखी दोन-तीन मैल पदरी धरायला सांगतो.

खरा फरक इंजिनात आहे. जेटचा वैमानिक उतरताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, आयडलवर, म्हणजे अगदी कमी ताकदीवर, आणून मैलोनमैल घसरत येऊ शकतो. त्याचे विमान त्यासाठीच घडवलेले असते. हवेने थंड होणाऱ्या पिस्टन इंजिनाला तसे वागवता येत नाही. एकदम पॉवर काढून नाक खाली केले की थंड हवेचा झोत तापलेल्या सिलिंडरांवर येतो. सिलिंडरच्या डोक्याचे तापमान मिनिटाला ५० अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक वेगाने खाली येऊ देऊ नये, असा लायकमिंगचा सल्ला आहे. या ‘शॉक कूलिंग’ने प्रत्यक्षात किती नुकसान होते, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण पॉवर थोडी थोडी, टप्प्याटप्प्याने कमी करण्यात तोटा कोणताच नाही. त्यासाठी फक्त उतरायला लवकर सुरुवात करावी लागते. म्हणजे पुन्हा मुद्दा मिनिटांच्या नियोजनावरच येतो.

मे महिन्यातली एक दुपार मला चांगली आठवते. वर्गात कूलर घरघरत होता, खिडकीला खसाची ताटी होती, तरी कंट्रोल व्हील धरून बसलेल्या मुलाच्या हाताला घाम सुटला होता. जेटच्या उड्डाणाची चित्रफीत पाहून आलेला तो विद्यार्थी ९,००० फुटांवर शेवटपर्यंत थांबला आणि मग थ्रॉटल पूर्ण ओढून खाली निघाला. मी इंजिनाचे पान उघडायला सांगितले. तापमानाच्या चारही पट्ट्या पाहता पाहता खाली येत होत्या. त्याची नजर मात्र उंचीवरून हलत नव्हती. ४,००० फुटांवर मी नियंत्रकाच्या भूमिकेतून ‘उंची कायम ठेवा’ असे सांगितले. त्याने थ्रॉटल पुढे ढकलला आणि इंजिन अडखळले, कारण ९,००० फुटांवर पातळ केलेले मिक्स्चर, म्हणजे इंधन आणि हवेचे मिश्रण, त्याने खाली येताना पुन्हा घट्ट केलेच नव्हते. मिक्स्चरचा लाल नॉब अजून दोन बोटे बाहेर होता. मी काहीच बोललो नाही. त्याने स्वतःच खाली पाहिले, नॉब आत ढकलला, आणि पुढच्या खेपेला प्रत्येक दोन हजार फुटांना त्याचा हात आपोआप त्या नॉबकडे जाऊ लागला. जेटची वाट पिस्टनने चालल्यामुळेच ही चूक उघडी पडली. छोट्या धावपट्टीच्या चकरा मारताना ती बहुधा कधीच दिसली नसती.

येथे एक अपवाद नोंदवतो. गोंदियाजवळच्या बिरसी येथील प्रशिक्षण संस्थेसह देशात अनेक ठिकाणी डायमंड कंपनीची विमाने वापरली जातात. त्यांतील डीए४२ एनजी हे पिस्टन विमानच, पण त्याची इंजिने डिझेल पद्धतीची, पाण्याने थंड होणारी आणि जेट ए-१ इंधनावर चालणारी आहेत. प्रत्येक इंजिनाला एकच लिव्हर, मिक्स्चरचा नॉब नाही. अशा विमानात वर सांगितलेली काळजी बरीच हलकी होते. आपण पुढे त्या विमानावर गेलात, तर सेसनाच्या सवयी तेथे जशाच्या तशा नेऊ नयेत, आणि परत सेसनात आल्यावर हात पुन्हा लाल नॉबकडे वळवावा.

सराव कसा करावा, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. पहिल्या दिवशी संगणक बंद ठेवावा. चार्ट टेबलावर पसरून प्रत्येक बिंदूपुढे पेन्सिलीने आपल्या विमानाचा जमिनीवरचा वेग, लागणारी मिनिटे आणि उतरण्याचा दर लिहावा, आणि ज्या अटी पाळता येणार नाहीत त्यांना गोल करावा. दुसऱ्या दिवशी तो मार्ग खऱ्या वेगाने, पूर्ण वेळ देऊन उडवावा. घरच्या सिम्युलेटरमध्ये वेळ दुप्पट-चौपट करण्याची सोय असते आणि कंटाळा आला की ती वापरण्याचा मोह होतो. कृपा करून ती वापरू नये. त्या लांब, शांत मिनिटांतच वारा बदलतो, इंधन कमी होते आणि ब्रीफिंग, म्हणजे उतरण्याच्या टप्प्यांची आधीची उजळणी, राहून जाते, आणि आपल्याला शिकायचे ते हेच आहे. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांना विनंती करावी, की त्यांनी मार्ग मध्येच मोडावा. थेट पुढच्या बिंदूकडे पाठवावे, व्हेक्टर, म्हणजे उडायची दिशा, द्यावा, होल्डिंगला, म्हणजे एका जागी घिरट्या घालायला, लावावे. मोठ्या विमानतळावर हळू चालणाऱ्या विमानाला आखलेला मार्ग शेवटपर्यंत जसाच्या तसा मिळेल, असे कधीच धरून चालू नये.

आणखी एक. उद्या आपण जेटच्या उजव्या आसनावर बसाल, तेव्हा हाच चार्ट निम्म्याहून कमी वेळात आपल्या अंगावर येईल. आज सेसनात मिळणारी जास्तीची मिनिटे म्हणजे तोच धडा संथपणे वाचण्याची संधी आहे. तिची सैल सवय होऊ नये म्हणून मी एक शिस्त सांगतो : अप्रोचचे, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याच्या शेवटच्या टप्प्याचे, ब्रीफिंग पहिल्या बिंदूच्या दहा मिनिटे आधी संपलेच पाहिजे, मग हाताशी कितीही वेळ दिसत असो.

प्रश्न : मी अमरावतीचा निवृत्त अभियंता आहे आणि छंद म्हणून व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर उड्डाण करतो. एका मोठ्या विमानतळावर उतरताना तेथील नियंत्रकाने मला ‘१८० नॉट किंवा अधिक वेग ठेवा’ असे सांगितले. मी सेसना १७२ मध्ये होतो. आज्ञा पाळायची म्हणून नाक खाली केले आणि वेगाचा काटा पिवळ्या पट्ट्यातून लाल रेघेपर्यंत गेला. नंतर मला फार ओशाळल्यासारखे झाले. मी काय करायला हवे होते?

उत्तर : आपण ‘अनेबल’, म्हणजे ‘जमणार नाही’, हा एक शब्द म्हणायला हवा होता, आणि त्याला जोडून आपला जास्तीत जास्त वेग सांगायला हवा होता. ‘अनेबल, मॅक्सिमम स्पीड वन वन झीरो नॉट्स.’ एवढे पुरे. यात उद्धटपणा नाही आणि कमीपणाही नाही. विमानाच्या मर्यादा वैमानिकाला ठाऊक असतात. नियंत्रकाला त्या सांगितल्याशिवाय कळत नाहीत, आणि नुसते ‘होय’ म्हणून आपण त्याला चुकीच्या माहितीवर पुढची आखणी करायला लावतो. सेसना १७२ एसला १६३ नॉटची लाल रेघ, म्हणजे कधीच ओलांडायची नाही अशी वेगमर्यादा, आहे. हिरवा पट्टा १२९ नॉटला संपतो आणि त्यापुढच्या पिवळ्या पट्ट्यात फक्त निवांत हवेतच जायचे असते. पूर्ण वजनाला, खडबडीत हवेत १०५ नॉटच्या वर जाऊ नये. १८० हा आकडा या विमानाच्या पुस्तकातच नाही.

नियंत्रक वेगासाठी एवढा आग्रही का असतो, हे समजून घेतले तर नकार देतानाही आपण त्याला मदत करू शकतो. अंतिम टप्प्याचे शेवटचे दहा सागरी मैल घ्या. १४० नॉटने येणारे जेट ते चार मिनिटे सतरा सेकंदांत कापते. ९० नॉटने येणाऱ्या आपल्याला सहा मिनिटे चाळीस सेकंद लागतात. दोघे दहा मैलांच्या खुणेवर एकामागोमाग असतील, तर आपण उतरेपर्यंत मागच्याला साडेपाच मैलांहून अधिक जागा गिळता येते. म्हणून आपल्या मागे नियंत्रकाला मोठे अंतर मोकळे सोडावे लागते. आपण जेटच्या मागे असलो तर प्रश्न उलटा होतो. ए३२०सारखे जेट विमान वेक टर्ब्युलन्सच्या, म्हणजे विमानामागे उरणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांच्या, वर्गवारीत ‘मीडियम’मध्ये येते, आपले ७,००० किलोंच्या आतले विमान ‘लाइट’मध्ये. मीडियमच्या मागे येणाऱ्या लाइटला आंतरराष्ट्रीय निकषांनुसार पाच सागरी मैल, आणि ‘हेवी’च्या मागे सहा सागरी मैल अंतर लागते. म्हणजे आपण पुढे असलो काय आणि मागे असलो काय, रांगेत एक मोठी फट पडतेच. ती कोठे पाडायची, हे नियंत्रकाला जितके लवकर कळेल तितके त्याचे काम सोपे होते.

त्यामुळे माझा सल्ला असा, की १८० नॉटची आज्ञा येण्याची वाटच पाहू नये. त्या नियंत्रकाशी पहिल्यांदा बोलतानाच विमानाचा प्रकार आणि अप्रोचचा वेग सांगावा. नकार देताना पर्यायही पुढे करावा : थेट विमानतळाकडे कमी उंचीने येतो, व्हेक्टर घेऊन उशिरा रांगेत शिरतो, किंवा गर्दी ओसरेपर्यंत होल्डिंगमध्ये थांबतो. होल्डिंगमध्ये १४,००० फुटांपर्यंत साधारण २३० नॉटची कमाल मर्यादा असते, आणि ए व बी वर्गातील हळू विमानांसाठी काही ठिकाणी ती १७० नॉट ठेवलेली असते. आपण दोन्हींत सहज बसतो. अमेरिकेत तर फ्लाइट प्लॅनच्या शेऱ्यात ‘नो स्टार’ असे लिहून आगमन मार्ग आधीच नाकारता येतो.

आणि ओशाळू नका. खऱ्या विमानात लाल रेघेपर्यंत गेलेला काटा ही गंभीर घटना असते, तिची नोंद करून विमान तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे लागते. सिम्युलेटरने ती चूक आपल्याला फुकट करू दिली. पुढच्या खेपेला मुद्दाम त्याच विमानतळावर, त्याच गर्दीच्या वेळी जावे आणि तो एक शब्द वेळेवर उच्चारावा. तोंडातून तो पहिल्यांदा निघायला फार जड जातो, हे मी शिकवताना अनेकदा पाहिले आहे. प्रौढ, अनुभवी माणसांना तर अधिकच जड जातो.

प्रश्न : आम्ही वर्ध्याला असतो. मुलाला वैमानिक व्हायचे आहे आणि तो रोज तीन-चार तास संगणकावर विमान उडवतो. हे तास त्याच्या लॉगबुकात धरले जातील का? त्याच्यासाठी आणखी मोठे मॉनिटर घ्यावेत असे तो म्हणतो.

उत्तर : घरच्या संगणकावरचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने मान्य केलेल्या सिम्युलेटरवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झालेले तासच मोजले जातात, आणि त्यांनाही मर्यादा आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी लागणाऱ्या ४० तासांपैकी जास्तीत जास्त २० तास अशा मान्य सिम्युलेटरवरचे चालतात. बाकीचे विमानातच करावे लागतात.

मोजले जात नाहीत म्हणून ते वाया जातात, असे मात्र समजू नये. चार्ट वाचणे, रेडिओवर बोलणे, उतरण्याचा हिशेब आधी करणे, या गोष्टी घरी पक्क्या झाल्या तर विमानातला महागडा तास त्यांवर खर्च होत नाही. मॉनिटरबद्दल विचाराल, तर आहे तो पुरे. पैसे घालायचेच असतील तर थ्रॉटल, प्रॉपेलर आणि मिक्स्चर असे तीन स्वतंत्र लिव्हर असलेला संच घ्यावा, कारण कीबोर्डवर मिक्स्चर विसरला जातो आणि हाताखाली लिव्हर असला की आठवतो. आणि रोज चार तासांऐवजी दीड तास, पण आधी अर्धा तास कागदावर तयारी आणि नंतर पंधरा मिनिटे चुका लिहिणे, असे त्याला सुचवून पाहावे.

प्रश्न : मुंबई-दिल्लीचे मार्ग उडवून झाले. आता आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवर सराव करावासा वाटतो. जेटसारखे आगमन पिस्टनने येथे कसे करावे? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : अवश्य करावे. देशाच्या मधोमध असल्यामुळे नागपूर हे हवाई वाटांचे जुने नाके आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली डकोटासारखी पिस्टन विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. जेटच्या वाटा आखल्या जाण्याआधी या धावपट्टीने पिस्टनचीच चाल पाहिली आहे, आणि सराव करताना ते मला दर वेळी आठवते.

येथील धावपट्टी १४/३२ असून तिची लांबी ३,२०० मीटर आहे. ३२ वर उतरायचे तर आग्नेयेकडून, उमरेडच्या बाजूने यावे लागते आणि या बाजूला आयएलएस, म्हणजे धावपट्टीची दिशा आणि उतार रेडिओने दाखवणारी यंत्रणा, आहे. प्रकाशित चार्ट घेऊन त्याप्रमाणेच यावे. उमरेडच्या आसपास विमान विमानतळापासून साधारण वीस सागरी मैलांवर असते. ९० नॉटने तेथून धावपट्टी तेरा-चौदा मिनिटांवर आहे, आणि पाच हजार फुटांवरून निघायचे तर वर सांगितलेल्या तिपटीच्या आडाख्याने उतरायला सुरुवात करण्याची जागा विमानतळापासून साधारण बारा सागरी मैलांवर येते. तोवर मिक्स्चर, इंधनाची टाकी आणि मिस्ड अप्रोचची, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची, उंची, या तिन्ही गोष्टी तोंडपाठ झालेल्या असाव्यात.

मग सिम्युलेटरमध्ये तापमान ४५ अंश सेल्सियस लावावे. आपल्याकडे मेमध्ये ते काही कल्पनेतले नाही. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फूट आहे, पण त्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाला आणि इंजिनाला ती जवळजवळ ४,९०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढणारी सेसना १७२ एस तेथे पूर्ण वजनाला पाचशे फुटांच्या आसपास चढते. आयएलएसवर खालपर्यंत यावे, धावपट्टी दिसली नाही असे धरावे आणि मिस्ड अप्रोच करावा. थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर, आणि वेग स्थिर झाल्यावरच चढ. अशा उन्हात मिक्स्चर पूर्ण आत ढकललेले असले तर इंजिन पूर्ण ताकद देत नाही, म्हणून ते विमानाच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे किंचित पातळ ठेवून हाच प्रयोग पुन्हा करावा, आणि दोन्ही वेळचे चढण्याचे दर वहीत शेजारी शेजारी लिहावेत.